चार नंबरच्या मैदानावरील खूण

ब्लाय सेंदराचा उजवा पाय पुढे गेला, बुटाच्या तळव्याने तांबड्या मातीवरील ती लांबट खूण एकदाच हलकेच घासली, आणि पाय पुन्हा आपल्या जागी आला. घडले ते एवढेच. त्याला एक श्वासही लागला नसेल. पंच आपल्या उंच खुर्चीच्या दोन पायऱ्या उतरले होते. ते तेथेच थांबले आणि शिडीला धरून त्याच्याकडे पाहत राहिले. आपल्याच घराला बाहेरून कुलूप घालून किल्ली समुद्रात फेकणाऱ्या इसमाकडे लोक पाहतील, तसे. "तुम्ही खूण पुसलीत," ते म्हणाले. ब्लायने खाली पाहिले. बुटाखाली आता गुळगुळीत माती होती, आणि रेषेची पांढरी कड. "हो," तो म्हणाला. "मग गुण त्यांचा," असे म्हणून पंच पुन्हा वर चढले. मातीवर टेनिस खेळणाऱ्यांमध्ये हा करार न लिहिता चालत आलेला आहे: चेंडू जेथे पडतो तेथे खूण उमटते, वाद झाला तर पंच खाली उतरून ती वाचतात, आणि पंच येण्यापूर्वी ज्याने आपल्या बाजूची खूण पुसली, त्याने चेंडू आत पडल्याचे कबूल केले. तो चेंडू बाहेर ठरला असता तर सामना त्याच क्षणी संपला असता, ब्लाय जिंकला असता आणि सोमवारपासूनच्या मुख्य स्पर्धेत त्याचे नाव लागले असते. आणि चेंडू बाहेरच होता. रेषेची कड आणि खुणेची सुरुवात यांच्यामध्ये दोन बोटे तांबडी माती त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. ती दाखवण्यासाठीच तर त्याने हात वर करून पंचांना खाली बोलावले होते. हात बोलावीत होता आणि पाय पुसत होता. शेवटच्या टायब्रेकमध्ये गुण बरोबरीत आले. त्यानंतरचे दोन गुण इतुर्बे नावाच्या त्या आर्जेंटिनी खेळाडूने घेतले, आणि पात्रता फेरीचा शेवटचा सामना ब्लाय हरला.

जाळ्यापाशी हात मिळवताना इतुर्बेने त्याचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. "का पुसलीस रे?" तो हळू आवाजात म्हणाला. "मलासुद्धा बाहेरच दिसला होता. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली होती." ब्लाय म्हणाला, "पाय घसरला." इतुर्बे हसला, पण त्याच्या डोळ्यांना ते पटलेले नव्हते, आणि पटलेले नाही हे त्याने ज्या सौजन्याने लपवले, ते सौजन्यच ब्लायला पराभवाहून अधिक बोचले.

घरी जाताना त्याने बस घेतली नाही. आटलेल्या नदीच्या पात्रात जी बाग केलेली आहे, तिच्यातून तो खांद्यावर बॅग टाकून चालत राहिला. एप्रिलची संध्याकाळ होती. शहराबाहेरच्या संत्र्यांच्या मळ्यांतून मोहराचा वास येऊन पुलांच्या कमानीखाली साचला होता. धावणारे लोक त्याला ओलांडून जात होते. आपल्या पायांकडे पाहत चालण्याची सवय त्याला नव्हती. आज मात्र तो उजव्या पायाकडे वारंवार पाहत होता, परक्याने आपल्या घरात शिरून एखादी वस्तू हलवावी आणि आपण त्याला जाब विचारायला भ्यावे, तसा. चौतीस वर्षे हा पाय त्याच्याबरोबर होता. त्यांपैकी एकोणीस वर्षे त्याने या पायाला रोमानियात, पोलंडमध्ये, मोरोक्कोत, सिसिलीत, जेथे जेथे तांबडी माती पसरलेली आहे तेथे तेथे नेले होते. जागतिक यादीत एकदा तो एकशे अठराव्या क्रमांकापर्यंत चढला होता. त्या उन्हाळ्यात पॅरिसच्या एका बाजूच्या मैदानावर पाच सेट खेळून तो पहिल्या फेरीत हरला, आणि शेवटी लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. आज त्याचा क्रमांक तीनशे अकरा होता. एकशे अठरा आणि तीनशे अकरा यांच्या दरम्यान सात वर्षे गेली. पण त्या सात वर्षांतले काय आठवते असे कोणी विचारले असते, तर त्याला सामने आठवले नसते. आठवली असती ती हॉटेलांतील न्याहारीची दालने: सकाळचे सात, टेबलावर एकच कप, समोरच्या टेबलावर दुसरा एकटा खेळाडू, आणि दोघांनी एकमेकांकडे न पाहण्याची ती काटेकोर, जवळजवळ प्रेमळ अशी दक्षता. कारण पाहिले तर बोलावे लागते, आणि दुपारी ज्याला हरवायचे त्याच्या आईची प्रकृती सकाळी कशाला माहीत करून घ्यावी? तीन तीन दिवस असे जात की ब्लायच्या तोंडून गुणसंख्येखेरीज दुसरा शब्द निघत नसे. नुरियाबरोबर तो चार वर्षे राहिला होता. ती गेली तेव्हा भांडण झाले नाही. ती एवढेच म्हणाली, "तू परत येतोस ना, तेव्हा बॅग दारातच ठेवतोस. चार वर्षांत ती एकदासुद्धा आतल्या खोलीत आली नाही. मी मोजलंय." त्यावर त्याने बॅगेकडे पाहिले होते, ती दारातच होती. तेव्हापासून तो शहरात असला की वडिलांच्या घरी उतरत असे, आणि तेथेही बॅग दारातच राहत असे.

वडील, बतिस्ते, निवृत्त होईपर्यंत एक्केचाळीस वर्षे, आजचा सामना झाला त्याच क्लबात मैदाने राखीत होते. ज्या चार नंबरच्या मैदानावर आज हे घडले, त्याची माती त्यांनी आपल्या हाताने किती वेळा घातली असेल याला गणती नव्हती. पहाटे पाणी मारायचे, ब्रशाने रेषा झाडायच्या, आणि प्रत्येक खेळानंतर ती काथ्याची रुंद चटई दोरीने ओढत बाहेरच्या कडेपासून गोल गोल फिरत मध्यापर्यंत यायचे. ब्लायने हातात रॅकेट धरली त्यापूर्वी ती दोरी धरली होती. "बाहेरून आत," वडील सांगत. "आणि एकदा धरलीस की मध्यापर्यंत सोडायची नाही. अर्धं ओढलेलं मैदान म्हणजे अर्धी हजामत. त्यापेक्षा न ओढलेलं बरं." लहानपणी त्याला ते गोल फिरणे फार आवडे. चटईच्या मागे सगळे मिटत जाई; कोण कोठे घसरला, कोणी कोठे रागाने टाच आपटली, कोणाचा चेंडू केसभर चुकला, सगळे. वडील मैदानाबाहेर पडून फाटक लावीत तेव्हा आत कोणीच कधी खेळले नव्हते असे दिसे. त्या वयात त्याला वाटे, आपले वडील मोठे दयाळू आहेत.

मग आज पायाने जे केले ते या जुन्या वळणाने केले काय? क्षणभर त्याला हे उत्तर पटले. पुढे, दुसऱ्या पुलाखाली, त्याहून भारदस्त असे दुसरे उत्तर त्याला सुचले. पंधराव्या वर्षी, याच क्लबात, प्रांताच्या कुमार स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, त्याने गास्पार नावाच्या सुएका गावच्या मुलाविरुद्ध पंचांना खोटी खूण दाखवली होती. चेंडू आत पडला होता. त्याच्या बाजूलाच आधीच्या खेळातील एक जुनी खूण होती, रेषेबाहेरची. ब्लायचे बोट त्या खुणेकडे गेले. पंचांनी वाकून पाहिले आणि चेंडू बाहेर दिला. गास्पार रॅकेटच्या तारा सरळ करीत राहिला. त्या विजयामुळेच ब्लायला महासंघाच्या प्रबोधिनीत जागा मिळाली, आणि तेथून पुढचे सगळे. त्या वेळी कुंपणापाशी हातात पाण्याची नळी घेऊन वडील उभे होते. कोणती खूण केव्हाची हे त्यांना कळत नसेल, असे म्हणण्यात अर्थ नव्हता. ते खुणांचे वय ओळखीत. त्यांनी नळी बंद केली, पुन्हा चालू केली. त्या संध्याकाळी सहाच्या सहा मैदाने त्यांनी त्याला एकट्याला ओढायला लावली. का, ते सांगितले नाही. आणि त्यानेही विचारले नाही. तर मग एकोणीस वर्षांनी पायाने ती चूक फेडली, असे म्हणता येईल काय? ही कल्पना त्याला इतकी सुबक वाटली की तिची त्याला शरम वाटली. गास्पार आता सुएकात भातकापणीची यंत्रे विकत होता, गलेलठ्ठ झाला होता, आणि दर नाताळला "तू आमच्या प्रांताची शान!" असा संदेश धाडीत होता. त्याला काही आठवत नव्हते. ज्याला घेणेच आठवत नाही त्याला काय फेडायचे?

नाही. खरी गोष्ट याहून क्षुद्र होती आणि म्हणूनच खरी होती. घराच्या जिन्यावर, तिसऱ्या मजल्यावरचा दिवा बंद असल्यामुळे भिंतीला हात लावून चढताना, ती त्याच्यापुढे उभी राहिली. पंच शिडी उतरू लागले त्या क्षणी त्याने सोमवार पाहिला होता. सोमवारी पहिली फेरी. जिंकलो तर बुधवार. हरलो तर मंगळवारी विमान, मोरोक्कोतले मेक्नेस, पुन्हा पात्रता फेरी, पुन्हा सात वाजता एकच कप. जिंकले काय आणि हरले काय, त्या कपापाशीच पोचायचे होते. आणि त्या कपाच्या वाटेवर दोन बोटे माती होती, ती पायाने मिटवली. पाय घसरला नव्हता, आणि सवयीनेही गेला नव्हता. पाय कंटाळला होता.

जेवताना वडिलांनी त्याच्या ताटात मसुरीचे कालवण दुसऱ्यांदा वाढले, आणि म्हणाले, "सकाळी दहाच्या आत सही करायची असते ना?"

"हो."

"मग चल माझ्याबरोबर. मी नऊला निघतो."

त्या सहीचा अर्थ असा. पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात जे हरतात, त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत स्वतः कचेरीत येऊन एका कागदावर सही केली, तर मुख्य स्पर्धेतून कोणी आयत्या वेळी माघार घेतल्यास ती जागा त्यांच्यापैकी एकाला मिळते. अशा माणसाला खेळाच्या भाषेत भाग्यवान पराभूत म्हणतात. सही केल्यानंतर फक्त वाट पाहायची असते. म्हणजे कोणाचे तरी पोट बिघडावे, कोणाची तरी पाठ धरावी, अशी मनातल्या मनात इच्छा करीत सभ्यपणे बाकावर बसायचे असते. ब्लायने आजवर अशा सव्वीस सह्या केल्या होत्या. त्यांतल्या सात फळाला आल्या. पण त्या सगळ्या सह्या जिंकू पाहून हरलेल्या माणसाच्या होत्या. अशा माणसाला पुन्हा एकदा मागण्याचा हक्क असतो. ज्याने हरणे आपल्या पायाने ओढून घेतले त्याने त्या कागदावर नाव लिहावे काय? आणि लिहिले नाही, तर चौतिसाव्या वर्षी मंगळवारी सकाळी उठून त्याने करायचे काय? रात्रभर या दोन प्रश्नांनी त्याच्या उशाशी आळीपाळीने जागा अडवली.

सकाळी क्लबच्या उपाहारगृहात नेहमीची गर्दी होती. टेबलांवर भुईमुगाच्या शेंगा, ऑलिव्ह आणि लांब पावांची फर्मास सँडविचे. रेमेई, जी तेथे तीस वर्षे गल्ल्यामागे उभी होती आणि जिने ब्लायला स्टुलावर उभा राहून लिंबू सरबत पिताना पाहिले होते, त्याला पाहताच म्हणाली, "आलास का राजा! हाताने हरणारे मी गाडीभर पाहिलेत. पायाने हरणारा तूच पहिला."

"आणि शेवटचा," ब्लाय म्हणाला.

"शेवटचा नको म्हणूस रे. इथं माझी पेन्शन व्हायचीय, तोवर तरी कोणाकोणाला चिडवू मी? बतिस्तेकाका, तुमचं नेहमीचंच ना? आणि ह्याला अंड्याचं देते, तोंड बघा, चेंडूसारखं पिवळं पडलंय."

"जास्त बोलतेस," वडील म्हणाले.

"मग कोणी बोलायचं? तुमच्या घरात दोन माणसं, आणि दोघांची मिळून दिवसाला चार वाक्यं. चौथ्या मजल्यावरची कन्सेप्सिओन सांगते, मला वाटलं खाली कोणी राहतच नाही."

ती गेली. वडील शेंगा फोडू लागले. सत्त्याहत्तर वर्षांचे त्यांचे हात अजूनही तांबूस होते. नखांच्या मुळाशी बसलेली माती निवृत्तीनंतरच्या बारा वर्षांतही धुतली गेली नव्हती. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे खाल्ले नाहीत, बाजूला ठेवले. दुसरी फोडली. मग टरफलांकडे पाहत म्हणाले, "रेषेवर होता."

"काय?"

"कालचा चेंडू. मी त्याच कोपऱ्यात उभा होतो, कुंपणामागं. रेषेवर होता. तू खूण बरोबर पुसलीस."

ब्लायने त्यांच्याकडे पाहिले. वडिलांनी वर पाहिले नाही. एक्केचाळीस वर्षांत या माणसाने एकाही खुणेबद्दल एकाही खेळाडूच्या बाजूने चकार शब्द काढला नव्हता. दोन खेळाडू भांडत कुंपणाशी येत, "बतिस्तेकाका, तुम्हीच सांगा!" म्हणून गळ घालीत, तेव्हा ते म्हणत, "मी माती बघतो, चेंडू बघत नाही," आणि निघून जात. पोटच्या पोरासाठीदेखील त्यांनी त्या दिवशी मौनच पाळले होते. खोटे बोलणे त्यांनी पोरावर सोडले होते आणि स्वतः नळी बंद करून पुन्हा चालू केली होती. आणि आज, शेंगांच्या टरफलांना उद्देशून, ते खोटे बोलत होते. अगदी भाबडे, न सजवलेले खोटे. ज्याला ते बोलण्याचा सराव नाही त्याच्या तोंडून बाहेर पडताना ते किती अवघडले होते हे ब्लायला त्यांच्या अंगठ्यावरून दिसले; अंगठा त्याच एका टरफलाचा भुगा करीत होता. म्हणजे त्यांना सगळे कळले होते. चेंडू बाहेर होता हे, आणि पाय का गेला हेही. आणि त्यांनी ठरवले होते की मुलाला पुन्हा सही करण्याचा हक्क मिळवून द्यायचा. त्यासाठी त्याला साधा, सरळ हरलेला माणूस ठरवायचे. आपल्या आयुष्यभराची एकुलती एक इभ्रत त्यांनी त्यासाठी त्या टेबलावर शेंगांच्या बाजूला काढून ठेवली होती.

"असेल," ब्लाय म्हणाला. "मला नीट दिसला नाही."

"उन्हं होती समोर."

"हो. उन्हं होती."

"मग?" वडील म्हणाले. "जा की. पावणेदहा होऊन गेले."

तो उठला. कचेरी मैदानांच्या पलीकडे होती. वाट चार नंबरच्या मैदानाला लागून जात असे. कचेरीच्या खिडकीत फिलोमेनाबाई उभ्या होत्या, स्पर्धेच्या कागदपत्रांचे काम त्या पाहत. त्यांनी दुरूनच हात हलवला. "सेंदरा! चल लवकर! एका फ्रेंचाचा घोटा सुजलाय, डॉक्टर आत आहेत. सही केलेल्यांत क्रमांकानं तूच वर राहशील. दहाला कागद काढून घेते हं, मग माझ्या पाया पडलास तरी नाही!" "आलो," तो म्हणाला, आणि आलो म्हणताना त्याला खरोखरच जायचे होते. हे पुढे त्याला नेहमी आठवत राहिले.

चार नंबरचे फाटक उघडे होते. सकाळी कोणी तरी सराव करून तसेच निघून गेले होते; आपले मैदान आपण ओढून द्यावे हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. सगळी माती उखणलेली होती. घसरल्याचे लांब ओरखडे, टाचांचे खड्डे, आणि खुणांवर खुणा. तो त्या कोपऱ्यापाशी गेला. काल जेथे दोन बोटे माती होती तेथे आता वीस-पंचवीस खुणा पडल्या होत्या, काही आत, काही बाहेर, काही रेषेला चिकटून. त्यांतली कोणतीही कालची नव्हती, आणि कोणतीही असू शकली असती. काथ्याची चटई कुंपणाला टांगलेली होती. त्याने ती उतरवली. दोरी हाताला ओळखीची लागली, तळहाताच्या ज्या भागाला रॅकेट कधी लागत नाही त्या भागाला. या वेळी पाय आपल्याआधी गेला असे त्याला म्हणता आले नसते. त्याने घड्याळाकडे पाहिले. दहाला सात मिनिटे कमी होती. एक मैदान नीट ओढायला आठ लागतात. त्याने बाहेरची कड धरली आणि चालू लागला.

पहिला फेरा कुंपणाच्या कडेने गेला. चटईच्या मागे माती मिटत होती. दुसऱ्या फेऱ्यात फिलोमेनाबाईंचा आवाज आला, "अरे, हे काय करतोयस? चार मिनिटं राहिली!" त्याने पुढचे वळण घेतले. तिसऱ्या फेऱ्याला कुंपणामागे वडील येऊन उभे राहिले होते. ते बहुधा धावत आले असावेत. त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी जाळीत बोटे अडकवली.

"सोड ते," ते म्हणाले. "मी ओढतो. तू जा."

"तुमचा गुडघा दुखतो, बाबा."

"गुडघ्याचं मी बघेन. जा म्हणतो ना! पोरा, तिथं तुझं नाव आहे."

"अर्धं सोडायचं नाही," ब्लाय चालत चालत म्हणाला. "तुम्हीच सांगितलंय."

चौथा फेरा, पाचवा. वर्तुळ लहान होत चालले. कोठे तरी, गावातल्या कुठल्या तरी चर्चमध्ये, दहाचे ठोके सुरू झाले आणि ते संपेपर्यंत तो थांबला नाही, वेगही वाढवला नाही. खिडकीतून फिलोमेनाबाईंनी एकदा हात वर केला, तो तसाच थोडा वेळ धरला, आणि खिडकी लोटून घेतली. मध्यावर पोचला तेव्हा त्याने दोरी उचलली आणि मागे वळून पाहिले. मैदान सपाट, तांबडे आणि कोरे दिसत होते. एकोणीस वर्षांनंतर त्याला अचानक इतके मोकळे आणि इतके एकटे वाटले की त्या दोन्हींत वेगळे काय हे त्याला सांगता आले नसते. वडील अजून कुंपणापाशीच होते. त्यांची बोटे जाळीतच होती. ते मैदानाकडे पाहत होते, खूप वेळ, जसे ते पूर्वी फाटक लावण्यापूर्वी पाहत असत.

"बाबा," ब्लाय म्हणाला, "चेंडू बाहेर होता."

वडिलांनी मान हलवली. "दोन बोटं," ते म्हणाले. मग त्यांनी जाळीतून एक बोट बाहेर काढून पलीकडच्या टोकाकडे दाखवले. "तो कोपरा राहिला."

ब्लायने पाहिले. खरेच राहिला होता. त्याने चटई पुन्हा खाली टाकली आणि दोरी हाताला गुंडाळून तिकडे निघाला.